रस्किनचा गोटा

जॉन रस्किनच्या 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' या पुस्तकात आठव्या धड्याला विद्यार्थ्याला घराबाहेर पाठवलं जातं, ते एक दगड आणायला. बागेतला चालेल, रस्त्यावरचा चालेल. तो गोलसर किंवा अंडाकृती असावा, फार पांढरा नको, फार काळाही नको. गुळगुळीत असला तर उत्तम, पण चकाकणारा नसावा. तो आणून खिडकीजवळच्या टेबलावर, फार शुभ्र नसलेल्या कागदावर ठेवायचा आणि उजेड डावीकडून येईल असं बसायचं, नाहीतर पेन्सिलीच्या टोकाची सावली आपल्याच कामावर पडत राहते. दगडावर ऊन येऊ द्यायचं नाही. ज्या खिडकीतून ऊन आत येत नाही ती निवडायची. खोलीतल्या बाकीच्या खिडक्या लावून घेता आल्या तर बरं, नाही जमलं तरी फारसं बिघडत नाही.

एवढी बारीक तयारी करून घेतल्यावर तो जे सांगतो, ते पहिल्यांदा वाचणारा थबकतो. हा दगड तुम्हाला नीट काढता आला, तर जगात काढता येण्याजोगं जे जे आहे ते सगळं तुम्हाला काढता येईल. लगेच तो स्वतःच मर्यादाही घालतो: समुद्राच्या फेसासारख्या काही गोष्टी कुणालाच काढता येत नाहीत, त्यांची फक्त कल्पना सुचवता येते. पण कलेच्या आवाक्यातलं जे आहे, ते या दगडाच्या पलीकडे नाही. कारण सगळं रेखाटन शेवटी गोलाई दाखवण्यावर उभं आहे, आणि निसर्गात गोलाईशिवाय दुसरं काही नाही. फांद्या, पानं, ढग, गाल, कुरळे केस, सगळीकडे कमीजास्त वळणारे पृष्ठभागच आहेत.

मग तो विद्यार्थ्याला या दगडाकडे प्रतिस्पर्ध्याकडे बघावं तसं बेधडक बघायला सांगतो. खिडकीकडची बाजू खालच्या कागदापेक्षा बहुतेक ठिकाणी उजळ आहे. पलीकडची बाजू कागदापेक्षा गडद आहे. उजेड अंधारात शिरतो तो हळूहळू. आणि उजवीकडे कागदावर एक सावली पडलेली आहे. बस, एवढंच दिसतंय. या चार गोष्टींच्या मांडणीत मला रस्किनचं सगळं शिक्षकपण दिसतं. दगडाचं सौंदर्य, निसर्गाची थोरवी, कलावंताची प्रतिभा यांतलं काहीही तो इथे मध्ये आणत नाही. एरवी याच माणसाचं गद्य केवढं फुलोऱ्याचं! 'मॉडर्न पेंटर्स'मधली त्याची ढगांची आणि डोंगरांची वर्णनं पानोपानी वाहत जातात. इथे, शिकवायला बसल्यावर, त्याची वाक्यं आखूड होतात आणि विद्यार्थ्याच्या खुर्चीपर्यंत येऊन थांबतात.

पुस्तक 1857 सालचं आहे. रस्किन तेव्हा अडतीस वर्षांचा होता. नवशिक्याला लिहिलेली तीन पत्रं असं त्याचं रूप आहे. पहिलं पत्र सरावाचं, दुसरं निसर्गातल्या रेखाटनाचं, तिसरं रंगाचं आणि रचनेचं. पुस्तक कुणासाठी आहे हे प्रस्तावनेतच स्पष्ट केलेलं आहे. बारा-चौदा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ते नाही. मुलांना स्वस्त रंग द्यावेत आणि हवं ते गिरगटू द्यावं, असं त्याचं मत. चित्रकार म्हणून नाव काढू पाहणाऱ्यांसाठीही ते नाही. ज्याला दिसलेली गोष्ट शब्दांत सांगता येत नाही आणि ती कागदावर उतरवून ठेवावीशी वाटते, अशा साध्या माणसासाठी ते आहे. अजिबातच चित्र काढता येणार नाही असा माणूस आपल्याला अजून भेटलेला नाही, असं तो म्हणतो. गणित किंवा एखादी परकी भाषा कामापुरती सगळ्यांना येते, तसं हेही येतं. त्याला लागणारा वेळही तो मोजून देतो: रोज एक तास याप्रमाणे सहा महिने, किंवा दिवसाआड एक तास याप्रमाणे वर्षभर, म्हणजे सुमारे दीडशे तास.

हा दीडशेचा आकडा मला पुस्तकातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते. 'मला चित्रातलं काही येत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाला तो देणगीच्या आणि प्रतिभेच्या दरबारातून बाहेर काढून वेळापत्रकात आणून बसवतो. पोहायला, गाडी चालवायला शिकताना आपण स्वतःला प्रतिभेचे प्रश्न विचारत नाही. चित्राच्याच बाबतीत ते का विचारतो, हे रस्किनला खरोखरच कळत नव्हतं.

मराठी वाचकाला रस्किन माहीत असतो तो गांधीजींमुळे. 1904 साली जोहान्सबर्ग ते डरबन या प्रवासात गांधीजींनी त्याचं 'अन्टू धिस लास्ट' वाचलं आणि पुढे 1908 मध्ये त्याचा सारांश गुजरातीत 'सर्वोदय' या नावानं लिहिला. चित्रकलेचा धडा देणारा रस्किन आपल्याकडे फारसा आलाच नाही. गांधीजींनी मात्र आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल लिहिताना, मुलांना अक्षर शिकवण्याआधी चित्र काढायला शिकवावं असं आवर्जून म्हटलं आहे.

आता पहिल्या धड्याकडे येतो, कारण दगडापर्यंत पोचायची वाट तिथून जाते. बारीक टोकाचं पोलादी नीब, शाई आणि गुळगुळीत कागद घ्यायचा. एक लहानसा चौकोन आखायचा आणि तो रेघांनी भरायचा. एका दिशेनं रेघा, त्या वाळल्या की त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौकोन सगळीकडे सारखाच करडा दिसला पाहिजे. कुठे गडद डाग पडला तर शाई वाळू द्यायची आणि चाकूच्या धारेनं अगदी हलक्या हातानं खरवडायचं. कुठे फिकं राहिलं तर तिथे बारीक ठिपके, तुटक रेघा घालायच्या. घाई करायची नाही.

या धड्यात काढायचं असं काहीच नाही! झाड नाही, घर नाही, चेहरा नाही. म्हणून तो मला धाडसी वाटतो. मोठ्या वयात पेन्सिल हातात धरणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती असते ती 'हुबेहूब' न येण्याची. रस्किन पहिल्याच पायरीवर हुबेहूबपणच काढून घेतो. चौकोनाला कशासारखं दिसायचंच नाही, त्यामुळे त्यात नापास व्हायचीही सोय नाही. उरतं ते एवढंच: इथे जरा गडद आहे का, तिथे जरा फिकं आहे का. हे विचारता विचारता डोळा सूक्ष्म होत जातो. जो फरक सुरुवातीला दिसतही नव्हता, तो थोड्या वेळानं डोळ्याला खुपायला लागतो. बघण्याची ताकद वाढते आहे हे स्वतःचं स्वतःला कळणं, हा फार शुद्ध आनंद आहे.

याच धड्याच्या तळाशी एक टीप आहे आणि पुस्तकाची कीर्ती मुख्यतः त्या टिपेवर उभी आहे. रस्किन म्हणतो, आपल्या डोळ्यांना खरं तर रंगांचे सपाट डागच दिसत असतात. ते डाग म्हणजे काय हे आपल्याला इतकं पाठ झालेलं असतं, की डाग दिसेनासे होतात आणि पाठांतर तेवढं उरतं. उन्हातलं गवत अनेकदा पिवळं दिसत असतं, पण गवत हिरवं असतं हे माहीत असल्यामुळे आपण ते हिरवंच रंगवतो. जन्मांध माणसाला एकाएकी दृष्टी आली तर त्याला जसं दिसेल, तसं निरागसपणे बघायला चित्रकारानं पुन्हा शिकायला हवं. कलेतिहासकार गॉम्ब्रिखनं 1960 सालच्या 'आर्ट अँड इल्यूजन'मध्ये या कल्पनेचा समाचार घेतला. असा निरागस डोळा असूच शकत नाही, बघणं हे नेहमी आधीच्या ज्ञानातूनच होतं, असं त्याचं म्हणणं. मानसशास्त्र म्हणून गॉम्ब्रिखचं बरोबर आहे. पण शिकवण्याची युक्ती म्हणून रस्किनचं आजही तितकंच खरं उतरतं. पूर्ण निरागस डोळा कुणाचाच नसेल, पण तो असल्यासारखं बघायचा प्रयत्न केला की गवतातलं पिवळं दिसतं, हे कुणीही सकाळी मैदानावर जाऊन पडताळून पाहावं.

सहाव्या धड्यातलं झाड तर मला फारच प्रिय आहे. मागे उजळ आकाश आणि पुढे निष्पर्ण काळ्या फांद्या असं झाड निवडायचं. फांद्या काढताना नजर ठेवायची ती फांद्यांच्या मधल्या रिकाम्या आकाशावर. प्रत्येक पांढरा तुकडा ही एक लहानशी जमीन आहे, एका महत्त्वाच्या खटल्यासाठी तिचा नकाशा तुम्हाला करून द्यायचा आहे, आणि एखाद्या कोपऱ्याची जरा जरी काटछाट झाली तर कुणाचं तरी नुकसान होणार आहे, अशा काटेकोरपणानं तो तुकडा पाहायचा. बांधावरच्या वितभर जमिनीसाठी पिढ्यान्पिढ्या तारखा करणाऱ्या आपल्या मुलखात हा दाखला वेगळा समजावून सांगायची गरज पडू नये. त्यातली शिकवण्याची हुशारी बघण्यासारखी आहे. 'झाड' काढायला बसलो की हात ठरीव झाड काढतो. मधल्या आकाशाच्या तुकड्याचा ठरीव आकार कुणाकडेच नसतो, त्यामुळे तिथे बघावंच लागतं. आज चित्रकलेच्या वर्गात 'निगेटिव्ह स्पेस' या नावानं जे शिकवतात ते हेच. पण 'मोकळी जागा बघा' असं सांगणं वेगळं आणि त्या जागेचा सात-बारा विद्यार्थ्याच्या हातात देणं वेगळं.

रस्किनला हे सगळं कुठे उमगलं, त्याची हकिगत त्यानं म्हातारपणी 'प्रेटेरिटा' या आत्मचरित्रात सांगितली आहे. 1842 सालची गोष्ट. तेवीस वर्षांचा रस्किन प्रकृतीनं खचलेला, आईवडिलांबरोबर फ्रान्समधून चाललेला. फाँतेन्ब्लोच्या जंगलात गाडीवाटेच्या कडेला तो मलूल होऊन पडला होता. समोर आकाशावर एक लहानसं ॲस्पनचं झाड होतं. काही विशेष हेतू नसताना, आळसावल्या हातानं, त्यानं ते काढायला घेतलं. काढता काढता मरगळ गेली. झाडाच्या रेषा जणू आपणहून कागदावर येण्याचा हट्ट धरू लागल्या आणि त्या जसजशा उमटत गेल्या तसतशा अधिकाधिक सुंदर दिसू लागल्या. प्रत्येक फांदी दुसरीशी नातं राखून होती, आणि ते नातं आजवर शिकलेल्या कुठल्याच नियमांत बसत नव्हतं.

या प्रसंगात बरं वाटणं कुठे आहे ते नीट पाहायला हवं. तो बरं वाटावं म्हणून चित्र काढायला बसलेला नाही. मनातलं काही कागदावर ओतावं, असंही त्याच्या मनात नाही. लक्ष पूर्णपणे झाडावर आहे, आणि मरगळ गेली हे त्याला नंतर कळतं. आजकाल मनःस्वास्थ्यासाठी चित्रकला म्हणून जे शिबिरांत चालतं, त्यात बहुतेकदा उलटा क्रम असतो. 'मन मोकळं करा, हवे ते रंग फासा, काहीही चुकत नाही', असं आधीच सांगितलं जातं. त्याचाही उपयोग होत असेल, आणि रुग्णालयांत प्रशिक्षित माणसांनी चालवलेली कलोपचाराची शाखा तर स्वतंत्रच आहे. एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं क्षयाच्या रुग्णालयात स्वतः रुग्ण असताना त्याची वाट धरली आणि 1945 साली 'आर्ट व्हर्सेस इलनेस' हे पुस्तक लिहिलं. पण रोजच्या काळज्यांनी शिणलेल्या धडधाकट माणसाला स्वतःच्या मनात आणखी खोल उतरायला सांगण्यापेक्षा, मनाबाहेरची एक गोष्ट देऊन तिच्यापुढे बसवणं मला जास्त गुणाचं वाटतं. काहीही चुकत नाही म्हटलं की बघायचं कारणच संपतं. रस्किनच्या धड्यांत चुकतं, भरपूर चुकतं. आणि काय चुकलं ते दगडाकडे पाहून आपल्याला स्वतःलाच कळतं. कुणी शिक्का मारावा लागत नाही.

हे त्यानं नुसतं लिहिलं नाही. लंडनमध्ये 1854 साली कष्टकऱ्यांसाठी 'वर्किंग मेन्स कॉलेज' निघालं, तिथे रस्किन सुरुवातीपासून संध्याकाळचा चित्रकलेचा वर्ग घेत असे. समोर सुतार, कारकून, नक्षीकाम करणारे कारागीर असत. दिवसभर राबून आलेल्या या माणसांपुढे तो पांढरा गोळा, पान, पीस, खनिजांचे खडे अशा वस्तू ठेवी. स्वतःच्या संग्रहातल्या मौल्यवान वस्तूही तो वर्गात हाताळायला आणत असे. 1857 मध्ये एका सरकारी आयोगापुढे साक्ष देताना त्याला या वर्गाबद्दल विचारलं गेलं. सुताराला चित्रकार बनवायचं माझ्या मनात नाही, सुतार म्हणूनच तो अधिक सुखी व्हावा एवढी माझी खटपट आहे, या अर्थाचं उत्तर त्यानं दिलं.

या उत्तराची दुसरी बाजू काढता येते. सुतारानं सुतारच राहावं, असा वरच्या वर्गाचा सूर त्यात कुणाला ऐकू येईल. मला तो येत नाही, कारण जॉर्ज ॲलन नावाचा त्या वर्गातला सुतारकाम करणारा तरुण पुढे रस्किनचा प्रकाशक झाला, आणि विल्यम वॉर्ड नावाचा कारकून नोकरी सोडून चित्रकलेचा शिक्षक झाला. वाट अडवलेली नव्हती. पण वर्गाची किंमत अशा वाटा किती निघाल्या यावर ठरवायची नाही, हे त्या उत्तरात आहे. जो सुतार जन्मभर रंधाच मारत राहिला, त्याला लाकडाचे रेषे आणि खिडकीतलं झाड पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागलं असेल, तर वर्ग कारणी लागला.

त्याच काळात इंग्लंडच्या सरकारी चित्रशाळांमधून साउथ केन्सिंग्टनचा अभ्यासक्रम चालत होता. त्याच्या तेवीस पायऱ्या होत्या आणि सुरुवात भूमितीच्या आखीव रेघांपासून. समोर छापील नमुना, त्याची बाह्यरेषा बिनचूक उतरवायची. कारखान्यांना नक्षी काढणारे हात पुरवणं हा हेतू. रस्किनला ही पद्धत मनापासून नापसंत होती. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं तेही 1857 मध्येच, 'एलिमेंट्स' निघालं त्याच वर्षी. 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले ते साउथ केन्सिंग्टनच्या वातावरणातून. आपल्या शाळांमधल्या चित्रकलेवर त्या पद्धतीची छाप पुढे फार काळ राहिली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्या कुणालाही आठवून पाहायला सांगा. संकल्पचित्राचा चौकोन, त्यातली दोन्हीकडे सारखी नक्षी, भूमितीचे कोन आणि स्मरणचित्रासाठी घोटून ठेवलेली माणसं. त्या परीक्षांनी खेडोपाडीच्या मुलांच्या हातात ब्रश दिला, त्यातून चित्रकार घडले, चित्रकलेचे शिक्षक घडले, हे ऋण मोठं आहे. पण ज्यांना 'सी' श्रेणी मिळाली त्यांनी पेन्सिल खाली ठेवली ती कायमची. 'माझी रेघ सरळ येत नाही' हे वाक्य पन्नाशीतली माणसं अजूनही बोलतात, आणि ज्या गोट्यावर एकही सरळ रेघ नाही तो समोर ठेवूनही बोलतात.

माझ्याकडे शनिवारी मोठी माणसं चित्र काढायला येतात, तेव्हा मी रस्किनच्याच क्रमानं जाते. गोटा ज्यानं त्यानं आणायचा. पूर्वी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात हवे तेवढे मिळत, आता क्रश सँड आल्यापासून गावाकडच्या नदीतून आणावे लागतात. नर्सरीतले पांढरे पॉलिश केलेले गोटे चालत नाहीत. न्हाणीघरातली वजरी एकदा कुणी आणली होती, पण तिच्या भोकाभोकांत डोळा अडकतो आणि गोलाई सुटते. एसटीत नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी नीरेच्या पात्रातला करडा गोटा आणला आणि सुरुवातीलाच सगळेजण करतात तेच केलं. गोट्याभोवती एक जाड काळी रेघ मारली. मी त्यांना एवढंच विचारलं, की डावीकडची कड कागदापेक्षा उजळ दिसते की गडद? ते बराच वेळ पाहत राहिले. उजळ, म्हणाले. मग तिथे काळी रेघ कशी? त्यांनी ती खोडली. आता डावीकडे कड राहिलीच नाही. गोट्याचा उजेड आणि कागदाचा उजेड यांत फरक अगदी निसटता होता, तो कागदाला किंचित राखाडी करून दाखवावा लागला. उजवीकडे ते गडद करत गेले आणि अगदी कडेशी येऊन थांबले. "मॅडम, सावलीच्या आत हा उजेड कुठून आला?" त्यांनी विचारलं. खालच्या कागदावरून उसळलेला उजेड गोट्याच्या पोटाला लागला होता. तो तिथे कायमच असतो, ताटापासून तांब्यापर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूच्या सावलीत असतो. पुढच्या शनिवारी त्यांनी सांगितलं, की आता पत्नीच्या गालाखालीही तो दिसतो, पांढरं पातळ नेसलेलं असलं की जास्त.

चित्र साधारणच झालं होतं. पण त्या प्रश्नासाठी मी रस्किनची कायमची ऋणी आहे.

रस्किनचं नाव घेऊन कुणी मनःशांतीची हमी देऊ लागलं तर ती देता येणार नाही, कारण खुद्द त्याचं आयुष्य तसं नाही. 1878 मध्ये त्याच्या मनाचा तोल पार ढळला, पुढे असे झटके पुन्हा पुन्हा आले, आणि शेवटची वर्षं त्यानं कॉनिस्टन सरोवराकाठच्या ब्रँटवुड या घरात जवळजवळ मूकपणे काढली. 1900 साली तो गेला. मोराचं पीस, खडकाचा पापुद्रा, निळकंठ पक्ष्याचा पंख त्याच्याइतक्या प्रेमानं काढणारे थोडेच, पण त्यानं तो आजार टळला नाही. आजाराला वैद्यच लागतो. चित्र जे देतं ते आजार नसतानाच्या दिवसांना देतं, आणि आपले बहुतेक दिवस सुदैवानं तसेच असतात.

दुसऱ्या पत्रात एक असा परिच्छेद आहे, की तो केवळ चित्रकलेचा धडा उरत नाही. कुठल्याही आकारात काही रेषा त्या वस्तूचं भूतकाळातलं नशीब सांगतात आणि पुढचंही सांगतात, त्या आधी शोधा, असं रस्किन म्हणतो. झाडाच्या रेषांत लहानपणापासून त्यानं काय सोसलं ते असतं: कुठे शेजारच्या झाडानं त्याला बाजूला ढकललं, कुठे वाऱ्यानं वाकवलं, कुठल्या फांद्यांना फळांचा भार येतो. डोंगराच्या रेषांत तो कसा झिजत आला ते, लाटेच्या रेषांत ती पुढच्या क्षणी कुठे फुटेल ते. बाकी तपशील चुकला तरी चालेल, या रेषा चुकता कामा नयेत. हे वाचून मी आमच्या रस्त्यावरचा वड पाहिला. विजेच्या तारांसाठी दर पावसाळ्याआधी त्याची एक बाजू छाटतात. वड तारांना बगल देऊन उरलेल्या बाजूला कललेला आहे आणि तोल राखायला त्यानं त्याच बाजूला पारंब्या जमिनीत रोवल्या आहेत. त्या रस्त्यानं जन्मभर गेलेल्या माणसालाही हे दिसत नाही. काढायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत दिसतं, कारण बुंध्याची कललेली रेघ ओढताना हात आपोआप विचारतो, की एवढा भार पेलतंय काय?

तिसरं पत्र त्या मानानं मला कमी भिडतं. रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवावेत हा त्यातला सल्ला पुढे फ्रान्समधल्या चित्रकारांना मोलाचा वाटला, पॉल सिन्याकनं 1899 च्या आपल्या पुस्तकात रस्किनचा आधार घेतला. चित्रकार टर्नरच्या कोब्लेंझच्या चित्राची चिकित्साही बारकाईची आहे. पण रचनेचे नियम एकामागून एक येऊ लागले की आधीच्या दोन पत्रांतला मोकळा वारा बंद होतो. नवशिक्यानं ते सुरुवातीला वाचलं नाही तरी चालेल.

एका बाबतीत मात्र रस्किनशी भांडायलाच हवं. 1857 च्या उठावानंतर लगेच, 1858 च्या जानेवारीत, त्यानं साउथ केन्सिंग्टनमध्ये व्याख्यान दिलं आणि ते पुढे 'द टू पाथ्स'मध्ये छापलं. भारतीय कला नक्षी अप्रतिम करते पण निसर्गातली वस्तू जशी आहे तशी कधीच काढत नाही, आणि त्या दोषाचा संबंध लोकांच्या क्रौर्याशी आहे, असा त्याचा आरोप होता. आधी बघा, मग बोला असं दुसऱ्याला शिकवणाऱ्यानं इथे न बघताच निवाडा दिला. रॉबर्ट गिलनं अजिंठ्यात वर्षानुवर्षं बसून केलेल्या तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती त्या काळात लंडनच्याच सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या, रस्किनच्या डेन्मार्क हिलच्या घरापासून काही मैलांवर. 1866 च्या आगीत त्या जळाल्या. मग 1872 पासून ग्रिफिथ्सनं जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा अजिंठा उतरवायला घेतला. साउथ केन्सिंग्टनमध्ये 1885 साली लागलेल्या आगीत त्यातल्याही अनेक प्रती गेल्या.

रस्किनला जे सर्व रेखाटनाचं मूळ वाटत होतं, ती गोलाई अजिंठ्याच्या भिंतींवर आहे. 'विष्णुधर्मोत्तर पुराणा'तल्या चित्रसूत्रात तिला वर्तना म्हटलेलं आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतली बिंदुजा वर्तना म्हणजे ठिपक्यांनी उतरवलेली छटा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभं राहून त्याच्या नाकाच्या कडेनं, गालावरून, गळ्याखाली रंग कसा गडद होत गेला आहे ते पाहावं. आठवा धडा स्वतःच्या हातानं केलेल्या माणसाला ती उतरण करायला किती वेळ आणि किती बघणं लागलं असेल याचा अंदाज येतो. आत दिवे मंद असतात, डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, आणि मागची रांग पुढे सरकायची घाई करत असते. शक्यतो सकाळी पहिल्या गर्दीच्या आधी जावं.